स्लिप तुम्हीच भरा

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय, 'शैक्षणिक कर्जाच्या वसुलीला मुदत असते का?' उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना मालिका गाठायची आहे त्यांना उठता येईल. असते. कोर्टात दावा लावायला साधारण तीन वर्षं, 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे. कुणीच उठलं नाही? मग आता माझी तक्रार ऐका.

आपल्याकडे सावकाराला जुना लगाम होता तो रकमेचा. दामदुप्पट. व्याज मुद्दलाएवढं झालं की त्यापुढे मागायचं नाही. काळाचा लगाम इंग्रजांनी आणला, 1859 च्या कायद्याने तो देशभर एकसारखा झाला. मला विचाराल तर दामदुप्पट जास्त शहाणी, तिला कॅलेंडर लागत नाही. पण ते पुढच्या वर्षीचं व्याख्यान. अध्यक्ष मान खाली घालून हसतायत, म्हणजे बोलावणार नाहीत.

तर मी बँकेच्या तालुक्याच्या शाखेत नवा होतो. आमच्या मॅनेजरांना एक खोड होती. थकलेला कर्जदार पैसे भरायला आला की म्हणायचे, "स्लिप तुम्हीच भरा. सही ठळक करा." मला वाटे, काय हा कोरडा माणूस! एका दुपारी एक शेतकरी आले. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या कर्जाला ते सहकर्जदार, मुलगा पुण्यात नोकरी शोधत होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन हजार रुपये, रबर लावलेले. म्हणाले, "साहेब, चष्मा घरी राहिला." साहेब, म्हणजे मी, पाघळलो. मी स्लिप भरली, खाली 'करिता' लिहून सहीसुद्धा माझीच ठोकली. वर चहा पाजला.

पुढे बँकेने दावा लावायचं ठरवलं. पहिल्या थकबाकीपासून मोजलं तर तीन वर्षं उलटलेली, पण या दोन हजारांपासून मोजलं तर वेळ शिल्लक. वकिलांनी स्लिप उजेडात धरली. "हे अक्षर कुणाचं?" "माझं." "आणि सही?" मी गप्प. मुदत कायद्याचं कलम 19 म्हणतं, मुदतीच्या आत थोडी रक्कम भरली तर घड्याळ पुन्हा शून्यावर येतं, पण त्या भरण्याची नोंद भरणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीची हवी. वकिलांनी चष्मा पुसला नि म्हणाले, "तुम्ही कर्जदाराचे वकील व्हायला हवं होतं." मॅनेजर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कोऱ्या स्लिपांचा गठ्ठा आणि दोऱ्याने बांधलेलं पेन होतं, एवढंच.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, पटापट.

मुदत संपण्याआधी 'होय, मी बँकेचं देणं लागतो' असं लिहून सही दिलीत, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं. मुदत संपत आली की बँक रिव्हायव्हल लेटरवर, म्हणजे अशाच कबुलीच्या पत्रावर, सही मागते ती प्रेमाने नव्हे. घर गहाण असेल तर बारा वर्षं. कोविडमुळे 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मोजणीतून वगळला, तोही हिशेबात धरा.

मुदत संपली म्हणजे कर्ज फिटलं नाही. दावा लावायची वाट बंद होते, इतकंच. पत्र येऊ शकतं, फोनही, आणि आपण होऊन भरलेले पैसे परत मागता येत नाहीत. त्यातही मेख आहे. मुदत गेल्यावर 'मी फेडीन' असं लिहून सही केलीत, तर करार कायद्याच्या कलम 25 ने तो नवा करारच होतो. तडजोडीचा कागद नीट वाचा, तो यासाठी.

आपल्याकडे एक सोय मोठी. कर्जदार काही बोलला नाही तरी मुदतबाह्य दावा न्यायालयाने फेटाळायचाच. ज्यांची मुलं अमेरिकेत तिथलंच कर्ज काढून शिकतायत त्यांनी ऐका, तिथे मुदतीचा मुद्दा स्वतः मांडावा लागतो. समन्स टाकून घरी बसलात की निकाल विरुद्ध. खासगी कर्जाची मुदत राज्याराज्यात वेगळी. न्यूयॉर्कने 2022 मध्ये सहाची तीन वर्षं केली. तिथल्या केंद्र सरकारच्या शैक्षणिक कर्जाला मात्र 1991 पासून मुदतच नाही.

जामीनदाराचं राहिलं. चहाच्या वेळी विचारा. फक्त कागद बाहेर काढू नका, मी वकील नाही, आणि तुमच्या कुठल्याही कागदावर मी आता काही लिहिणार नाही.