शेवगा निघाला आयर्लंडला

[दृश्य : म्युनिकमधला फ्लॅट. अर्धवट भरलेली खोकी. त्यातल्या एका खोक्यात कुत्रा बसलाय.]

हा शेवगा. डॅकेल जातीचा. अंग लांब, पाय आखूड, त्यामुळे नावासाठी फार डोकं खाजवावं लागलं नाही. म्युनिकमध्ये या जातीला मान आहे. १९७२ च्या इथल्या ऑलिंपिकचा शुभंकर वाल्डी, तोही डॅकेलच. पण बायकोला आयर्लंडमध्ये, कॉर्कला नोकरी लागली आणि बिऱ्हाड हलवायचं ठरलं. आम्हा दोघांची कागदपत्रं एका फाइलमध्ये मावली. शेवग्यासाठी वेगळी फाइल करावी लागली.

त्यातली मुख्य चीज ही. निळं कव्हर, वर युरोपीय संघाचे बारा तारे. पाळीव प्राण्याचा पासपोर्ट. २००४ पासून कुत्रा, मांजर आणि फेरेट (मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी) या तिघांना तो मिळतो. सांगलीहून आईनं फोनवर विचारलं, "कुत्र्याला पासपोर्ट? मग पोलीस आले होते का रे चौकशीला?" पोलीस येत नाहीत. प्राण्यांचा डॉक्टरच तो देतो. आत फोटोला जागा आहे, पण सक्ती नाही. शेवगा कॅमेऱ्यासमोर बसेना, म्हणून ती जागा कोरीच राहिली.

[दृश्य : मानेवरून फिरणारं स्कॅनर. बीप.]

ओळख पटते ती चेहऱ्यावरून नाही, मानेच्या कातडीखालच्या तांदळाएवढ्या चिपवरून. पंधरा आकडे, सुरुवात २७६ नं. तो जर्मनीचा क्रमांक. यात क्रमाला फार महत्त्व. आधी चिप, मग रेबीजची लस. एकाच दिवशी दोन्ही चालतं, पण लस आधी आणि चिप नंतर झाली, तर ती लस कागदावर टोचलेलीच नाही असं धरतात. पहिली लस पिल्लू बारा आठवड्यांचं झाल्यावर, आणि त्यानंतर २१ दिवस थांबायचं. म्हणजे पंधरा आठवड्यांखालच्या पिल्लाला आयर्लंडचं दार बंद.

आमच्या लहानपणी गावात 'कुत्रं पिसाळलंय' ही बातमी शाळेची घंटा व्हायच्या आत पोचायची. ज्याला चावलं त्याच्या बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं. त्यामुळे रेबीज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रस्त्यावरचं कुत्रं येतं. इथं तो रोग रानातून यायचा, कोल्ह्यांकडून. रानातल्या कोल्ह्याला धरून टोचणार कोण? १९७८ मध्ये स्वित्झर्लंडनं ऱ्होन नदीच्या खोऱ्यात एक शक्कल लढवली. कोंबड्यांच्या मुंडक्यांत लस भरून ती मुंडकी रानात टाकली. कोल्ह्यानं मुंडकं चावलं की लस तोंडात. पुढे हीच आमिषं कारखान्यात तयार होऊ लागली, विमानातून टाकली जाऊ लागली. जर्मनी २००८ मध्ये रेबीजमुक्त जाहीर झाला. शेवगा आज एका पुस्तिकेवर सीमा ओलांडतो, त्यात त्या कोंबड्यांचा वाटा आहे.

(पुण्याहून कुत्रा आणायचा असेल तर मात्र एवढ्यावर भागत नाही. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त तपासायचं आणि मग तीन महिने वाट बघायची.)

आयर्लंडमधून रेबीज १९०३ मध्येच गेला. तरी बेटावरचे लोक सहजी विश्वास टाकणारे नव्हेत. बाकी युरोपात लस आणि पासपोर्टवर काम होत होतं, तेव्हा आयर्लंड, ब्रिटन, स्वीडन आणि माल्टा यांनी जादा अटी धरून ठेवल्या होत्या. त्यांचा तो खास हक्क २०११ अखेर संपला. एक अट मात्र आजही आहे, आणि आमचा सगळा प्रवास तिच्याभोवती फिरला.

[दृश्य : बव्हेरियातलं गवताळ माळरान. शेवगा उंदराच्या बिळात नाक खुपसतोय.]

दक्षिण जर्मनीतल्या कोल्ह्यांच्या आतड्यात एक जंत राहतो. पट्टकृमीची जात, लांबी जेमतेम काही मिलिमीटर. कोल्ह्याच्या विष्ठेतून त्याची अंडी गवतावर, तिथून शेतातल्या उंदरात. उंदीर कुत्र्यानं खाल्ला की जंत कुत्र्यात, आणि कुत्र्याच्या अंगावरून, विष्ठेतून अंडी माणसाच्या हाताला. माणसाच्या यकृतात तो वर्षानुवर्षं गुपचूप पसरतो. डॉक्टर याला कर्करोगासारखंच काहीतरी समजत. हा परजीवी आहे हे १८५५ मध्ये रुडोल्फ फिर्शो या जर्मन डॉक्टरनं दाखवलं, तेही इथेच, बव्हेरियातल्या व्युर्त्सबुर्गमध्ये. आयर्लंडच्या कोल्ह्यांत हा जंत नाही. तो नाही हे सिद्ध करायला आयर्लंड दरवर्षी कोल्हे तपासतं आणि त्या जोरावर येणाऱ्या कुत्र्यांना सांगतं : गोळी घेऊन या.

गोळी एकच. प्राझिक्वांटेल. वेळ मात्र मोजून : आयर्लंडला पोचायच्या २४ तास आधी ते १२० तास आधी, याच्या मधे. चोवीस तास कशासाठी, तर जंत मरून शेवगा बेटावर पाय ठेवायच्या आत बाहेर पडायला हवेत. आणि १२० ची मर्यादा अशासाठी, की गोळीचा असर शरीरात टिकत नाही. मधल्या दिवसांत पठ्ठ्यानं पुन्हा उंदीर मारला तर सगळं मुसळ केरात.

गुरुवारी सकाळी लेबरवुर्स्टमध्ये, म्हणजे यकृताच्या मऊ सॉसेजमध्ये लपवून डॉक्टरांनी गोळी दिली. शेवग्यानं सॉसेज खाल्लं आणि गोळी तेवढी फरशीवर ठेवली. दुसऱ्या खेपेला गिळली. शिक्का, सही, तारीख, धन्यवाद. ट्राममध्ये बायकोनं पासपोर्ट उघडला आणि म्हणाली, "वेळ कुठाय?"

तारखेशेजारी वेळेची जागा रिकामी होती. तासांवर चाललेल्या नियमात तासच लिहायचा राहिला होता. परत दवाखान्यात. डॉक्टर शस्त्रक्रियेत, आम्ही चाळीस मिनिटं बाकावर, शेजारी एक चिडलेला पोपट. शेवटी त्या बाहेर आल्या, कपाळावर हात मारला आणि लिहिलं : १०.३०. डॉक्टरांना दोष देत नाही, माणूस आहे. पण पासपोर्ट दाराबाहेर पडायच्या आत वाचावा एवढं मात्र सांगेन.

[दृश्य : महामार्ग. मागच्या सीटवर पट्टा बांधलेला शेवगा.]

शुक्रवारी निघालो. म्युनिक ते शेरबूर, सुमारे १,२०० किलोमीटर. प्राणी ही वस्तू नव्हे, असं जर्मनीचा नागरी कायदा १९९० पासून सांगतो. वाहतुकीच्या नियमांत मात्र गाडीतला कुत्रा म्हणजे नीट बांधायचा माल. ऱ्हाइन ओलांडून फ्रान्स लागला, कुणी विचारलंसुद्धा नाही. रात्री रँसजवळ मुक्काम, शनिवारी दुपारी नॉर्मंडीतलं शेरबूर बंदर. १९१२ मध्ये टायटॅनिक याच बंदरात थांबून आयर्लंडकडे गेली होती, ही माहिती मी जहाजात बसायच्या आधी सांगितल्याबद्दल बायको अजून रागावलेली आहे.

[दृश्य : रात्र. ओला लोखंडी डेक, वारा.]

समुद्रावर साधारण अठरा तास. कुत्रा सोबत ठेवता येईल अशी केबिन मिळाली होती; अशा केबिन मोजक्याच, त्या आधी राखून ठेवाव्या लागतात. कुत्र्यांच्या विधींसाठी डेकचा एक कोपरा दिलेला. पण शेवगा गवतावर वाढलेला. लोखंड हुंगायचा, माझ्याकडे बघायचा आणि दाराकडे चालू लागायचा. रात्री अकराला नाही. दोनला नाही. पहाटे पाचला मी पावसात उभा राहून, "कर रे राजा, कर," म्हणतोय आणि शेजारी एक फ्रेंच गृहस्थ आपल्या लॅब्रॅडॉरला बहुधा तेच सांगतायत.

रविवारी सकाळी आयर्लंडचं रॉसलेअर बंदर. गाडीच्या काचेतून स्कॅनर आत आला. बीप. २७६ आणि पुढचे बारा आकडे. अधिकाऱ्यानं पासपोर्टचं नेमकं तेच पान काढलं, वेळेवर बोट ठेवलं, मनातल्या मनात काहीतरी मोजलं. बहात्तर तास आणि वर थोडे. "गुड बॉय," हे तो शेवग्याला म्हणाला.

बंदराच्या फाटकाबाहेर पहिलंच हिरवं गवत दिसलं आणि शेवग्यानं असा सूर लावला की गाडी थांबवावीच लागली. दार उघडलं. एक मिनिट झालं. दीड झालं. बायको गाडीतून म्हणाली, "झालं का?"

अजून चालूच होतं.