सोनोग्राफीत काही निघालं, तर घरच्यांनी काय करायचं?

नमस्कार. आजचा व्हिडिओ गरोदर बाईसाठी नाही. तिच्या सासूबाई, आई, नणंद, नवरा, तुम्हा सगळ्यांसाठी आहे.

पाचवा महिना असतो. नाशिकच्या कॉलेज रोडला ॲनॉमली स्कॅन होतो, म्हणजे 18 ते 20 आठवड्यांची ती मोठी सोनोग्राफी. डॉक्टर पडद्याकडे जरा जास्तच वेळ बघतात. संध्याकाळपर्यंत सिन्नर ते ओझर सगळ्यांना कळलेलं असतं, आणि फोन येतो, "ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?"

कृपा करून हे विचारू नका. आधीच रात्रभर ती स्वतःलाच दोष देत जागी असते. डाऊन सिंड्रोमचंच घ्या, म्हणजे बाळाच्या वाढीवर आणि बुद्धीवर परिणाम करणारी जन्मजात स्थिती. त्यात 21व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. बहुतेक वेळा पेशी विभागताना हे घडतं. विळीचा, पपईचा, ग्रहणाचा काही संबंध नाही. त्र्यंबकला विधी करायचा का, तेही तिला ठरवू द्या.

रिपोर्ट नीट समजून घ्या. डबल मार्कर या रक्ततपासणीत 'हाय रिस्क, 1:200' आलं, तर अशा 200 गरोदरपणांत एका बाळाला डाऊन असेल, 199 बाळांना नसेल. ही चाळणी आहे, निदान नव्हे. खात्रीसाठी साधारण 15 आठवड्यांनंतर गर्भजल तपासतात.

आता कायदा. गर्भपात कायद्यात 2021 साली झालेल्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत गर्भपाताला एका डॉक्टरचं मत लागतं. गंभीर व्यंगाचा धोका असेल तर 24 पर्यंत दोघांचं. त्यापुढे मेडिकल बोर्ड, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांची समिती, ठरवतं. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. आणि व्यंग आहे म्हणून गर्भपात कराच, असं कायदा कुठेही म्हणत नाही. मला हे वाक्य दोनदा सांगावंसं वाटतं, कारण घरात दोन्ही बाजूंनी जोर लावला जातो.

बाळ ठेवायचं ठरलं, तर बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी 'निरामय' आरोग्य विमा आहे, 1 लाखापर्यंतचा. निर्णयाआधी अशाच मुलाच्या आईवडिलांना भेटता आलं तर उत्तम. पण ती भेट तिने मागितली तरच घडवा.

उद्या तिला एवढंच विचारा, "डॉक्टरांकडे मी येऊ, की तुम्ही दोघंच जाताय?" ती "दोघंच" म्हणाली, तर मोठ्या लेकराला शाळेतून आणायचं काम तुम्ही घ्या.