देव जुने, दुकानं नवी

१९१९ साली जपानमध्ये ताकाचिहो सेइसाकुशो नावाची एक कंपनी सुरू झाली. पुढे ती मायक्रोस्कोप बनवायला लागली. आता ताकाचिहो म्हणजे जपानी पुराणकथांमधला देवांचा डोंगर. पण आपला माल जगभर गाजावा अशी या लोकांची इच्छा होती, मग १९२१ ला त्यांनी ट्रेडमार्क घेतला तो दुसऱ्याच एका देवांच्या डोंगराचा, ऑलिंपस. होय, तीच कॅमेऱ्यावाली ऑलिंपस. स्वतःचे देव घरात असताना जपानी कंपनीने ग्रीकांचा डोंगर उचलला, आणि मला वाटतं की कंपन्या ग्रीक पुराणातली नावं का घेतात हा सगळा विषय इथेच कळतो, कारण तोपर्यंत ग्रीक देव एकट्या ग्रीसचे राहिलेच नव्हते.

असं का झालं? एक तर युरोप-अमेरिकेतल्या चांगल्या शाळांमध्ये ग्रीक आणि लॅटिन कित्येक पिढ्या शिकवलं जायचं. त्यामुळे नाव ठेवणारा आणि ते नाव वाचणारा, दोघांनाही गोष्ट आधीच माहीत. पुतळे, चित्रं, नाणी सगळीकडे तेच चेहरे. आणि दुसरं म्हणजे या देवांची मनापासून पूजा करणारं आज फारसं कोणी उरलेलं नाही, त्यामुळे बुटावर देवीचं नाव छापलं तरी भावना दुखावल्या म्हणून कोणी मोर्चा काढत नाही. जिवंत धर्मातल्या देवाच्या बाबतीत हे एवढं सोपं नसतं. वर या गोष्टींवर कोणाचा कॉपीराइट नाही, रॉयल्टी नाही, ज्याला पाहिजे त्याने घ्या.

कायद्याचाही एक फायदा आहे. ज्या नावाचा मालाशी थेट संबंध नाही त्याला ट्रेडमार्कमध्ये जास्त भक्कम संरक्षण मिळतं. साबणाला नुसतं साबण म्हणून नाव ठेवलं तर ते कोणाच्याच मालकीचं होत नाही, पण अजॅक्स होतं. आणि दोघांचा धंदा वेगळा असेल तर एकच नाव दोघं वापरू शकतात. ॲमस्टरडॅमचा अजॅक्स फुटबॉल क्लब १९०० चा, कोलगेट-पामोलिव्हची अजॅक्स क्लीनिंग पावडर १९४७ ची, दोन्ही मजेत चालू आहेत. मूळचा अजॅक्स ट्रॉयच्या युद्धातला धिप्पाड योद्धा, अकिलीसनंतर ग्रीकांमध्ये सगळ्यात बलवान. अकिलीस मेल्यावर त्याचं चिलखत आपल्यालाच मिळणार असं याने धरलेलं, ते मिळालं ओडिसियसला, तर अजॅक्स वेडापिसा झाला आणि शेवटी स्वतःच्याच तलवारीवर पडून मेला. पावडरच्या डब्यावर यातलं काही नाही, तिथे फक्त ताकद आहे.

धंदा नेमकं हेच करतो. अख्खी गोष्ट घेत नाही, तिच्यातला एक गुण कापून घेतो. गुडइयरचा पंखवाला पाय बघा, १९०० पासूनचा आहे. संस्थापक फ्रँक सायबरलिंग यांच्या अमेरिकेतल्या ॲक्रन शहरातल्या घरात जिन्याच्या खांबावर मर्क्युरीचा पुतळा होता, त्याच्यावरून हे सुचलं. रोमनांचा मर्क्युरी म्हणजे ग्रीकांचा हर्मीस, देवांचा निरोप्या, वेगवान. टायर कंपनीला वेग हवा होता, पाय उचलला. हर्मीस व्यापाऱ्यांचा देव आणि चोरांचाही देव, तो भाग राहिला मागे.

नायकीचं तर त्याहून पुढे गेलंय. १९७१ ला ओरेगॉनमधल्या या कंपनीला नवीन नाव हवं होतं, सहसंस्थापक फिल नाइट यांच्या मनात डायमेन्शन सिक्स होतं, पण जेफ जॉन्सन या त्यांच्या पहिल्या एम्प्लॉयीने नायकी सुचवलं, विजयाची देवी. त्याच वर्षी कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने लोगो काढून दिला, ३५ डॉलरमध्ये. आज बूट घालणाऱ्या किती जणांना नायकी ही पंखांची देवी आहे हे माहीत असेल? पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये सॅमोथ्रेस बेटावरचा तिचा पुतळा उभा आहे, डोकं नाही, हात नाहीत, पण वाऱ्यात फडफडणारं वस्त्र दगडात असं कोरलंय की नजर हलत नाही. मला मनापासून वाटतं की बुटांच्या दुकानात जाणाऱ्या प्रत्येकाने एकदा त्या पुतळ्याचा फोटो तरी बघावा.

आणि मेड्यूसा. व्हर्साचे या फॅशन ब्रँडच्या बॅगांवर, बटणांवर जो चेहरा दिसतो ना, तो तिचाच. तिच्या डोळ्यांत बघणारा दगड व्हायचा. जियानी व्हर्साचे दक्षिण इटलीतल्या रेज्जो कालाब्रियाचे, तो भाग एकेकाळी ग्रीकांच्या वसाहतींचा, त्यामुळे हा चेहरा त्यांच्यासाठी परका नव्हताच. पण हा चेहरा चिन्ह म्हणून वापरणारे ते पहिले नाहीत. प्राचीन ग्रीक लोक मेड्यूसाचं मुंडकं ढालीवर, देवळावर लावायचे, संकट दूर राहावं म्हणून. लोगो म्हणा हवं तर. रोमन कवी ओव्हिडने सांगितलेली तिची गोष्ट मात्र ऐकवत नाही: अथीना देवीच्या देवळात समुद्रदेव पोसायडनने तिच्यावर बलात्कार केला आणि शिक्षा झाली तिलाच, केसांचे साप झाले. पुढे पर्सियस नावाच्या वीराने तिचं डोकं उडवलं, आणि त्या रक्तातून जन्मला पंखांचा घोडा पेगॅसस. तोच मोबिल ऑइलचा लाल घोडा, १९११ पासून केप टाऊनमधून सुरू झालेला. म्हणजे फॅशनच्या दुकानात आई आणि पेट्रोल पंपावर तिचं पोर, आणि दोन्ही ब्रँडचा एकमेकांशी काही संबंध नाही!

कधी मात्र कापलेला भाग नावासोबत येतोच. २००२ ला फोक्सवॅगनने एक महागडी लक्झरी गाडी आणली, फेटॉन. जुन्या काळी फेटॉन नावाची घोडागाडी असायची, आणि त्या घोडागाडीला ते नाव मिळालं सूर्यदेवाच्या मुलावरून. या पोराने बापाकडे हट्ट करून सूर्याचा रथ मागून घेतला, घोडे आवरले नाहीत, पृथ्वी होरपळायला लागली आणि देवांचा राजा झ्यूसने वीज टाकून त्याला रथासकट खाली पाडलं. गाडीला चालकाचं नाव द्यायचं आणि तेही याचं! इंजिनिअरिंग जबरदस्त होतं, ड्रेस्डेनला खास काचेचा कारखाना बांधला होता, तरी अपेक्षेएवढी विक्री कधीच झाली नाही आणि २०१६ ला फेटॉन बंद झाली. नावामुळे असं कोणी म्हणणार नाही. लोकांना एवढे पैसे घालून फोक्सवॅगनचा बिल्ला नको होता, असंच कारण सांगितलं जातं.