आधी घरात सांगा
(ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. माझी सगळी नोकरी बँकेत गेली. निवृत्तीच्या आदल्या वर्षी एका सोमवारी सकाळी एक बाई शाखेत आल्या. निवृत्त शिक्षिका. पासबुक पुढे सरकवून हळूच म्हणाल्या, "यात काही चुकलंय का, बघता का जरा?"

चुकलं काहीच नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी त्यांना मेसेज आला होता : वीजबिल थकलंय, आज रात्री साडेनऊला लाइट कापू. खालच्या नंबरवर त्यांनी फोन केला. तिकडच्या माणसानं एक ॲप घ्यायला लावलं आणि दहा रुपये भरायला सांगितलं. त्या ॲपमुळे बाईंचा स्क्रीन त्याला दिसत होता. त्यांनी टाइप केलेला पासवर्ड, आलेला ओटीपी, सगळं तो तिकडे बसून वाचत होता. खातं जवळजवळ रिकामं झालं.

मी विचारलं, "शुक्रवारीच कळलं होतं ना? मग दोन दिवस?"

"मुलाला कळलं असतं तर त्यानं फोनच काढून घेतला असता."

आणि मी काय बोललो? "अहो, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, असं कसं केलंत?" ते वाक्य मला आजही टोचतं. कारण त्याच वाक्याच्या भीतीनं त्या दोन दिवस गप्प बसल्या होत्या.

त्या दोन दिवसांत काय होतं ते नीट ऐका. चोर स्वतःच्या खात्यात पैसे घेत नाही. थोड्या पैशांसाठी कुणीतरी आपलं पासबुक, कार्ड, सिम त्याला वापरायला दिलेलं असतं. तुमचे पैसे आधी तिथे जातात, काही मिनिटांत आणखी चार-सहा खात्यांत फुटतात आणि मग एटीएममधून निघतात. तुम्ही १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केलात, की ज्या ज्या बँकेत पैसे पोचलेत तिला कळवलं जातं आणि खात्यात अजून शिल्लक असेल ती रक्कम अडवता येते. एटीएममधून निघालेली नोट कोण अडवणार? म्हणून पहिला तास मोलाचा. रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. पाठोपाठ बँकेलाही कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं आहे, की चूक ग्राहकाची असली तरी त्यानं कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं. म्हणजे कळवल्याची वेळ महत्त्वाची, आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्यायचा.

बाकीचं थोडक्यात सांगतो. पैसे यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे जाणार. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलान म्हणून फाइल आली आणि नावाच्या शेवटी 'एपीके' असेल, तर ते पत्रिका नाही, ॲप आहे. उघडू नका.

'डिजिटल अरेस्ट'वर मात्र थांबायला हवं. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस, मागे अशोकस्तंभ, तुमच्या नावानं पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडल्याची कहाणी. कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचं नाही. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही 'मन की बात'मध्ये हे सांगितलं. पण त्या क्षणी कायदा आठवत नाही. तेव्हा एवढंच ऐका : तो म्हणेल, "घरात कुणाला सांगू नका." हे तो म्हणाला, की समजा चोर आहे. त्याचा सगळा धंदा तुम्हाला एकटं पाडण्यावर चालतो. फोन ठेवा आणि शेजारच्या खोलीत जाऊन सांगा. घरी कुणी नसेल तर समोरच्या ब्लॉकची बेल वाजवा.

मागे काही मुलं-सुना बसल्यात, त्यांना माझी विनंती आहे. आई असं काही सांगायला आली, तर "असं कसं केलंस?" म्हणू नका. "किती वाजता गेले?" असं विचारा आणि १९३० लावा. तिचा फोन काढून घेऊ नका. पुढच्या वेळी ती सांगणारच नाही.

दाराशी मोठ्या अक्षरांत छापलेले कागद ठेवलेत, एकेक घेऊन जा. १९३० छापलाय. बँकेच्या नंबरचा रकाना मुद्दाम मोकळा ठेवलाय. तो नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथे चोरांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. घरी गेल्यावर डेबिट कार्ड उलटं करा, मागे छापलेला नंबर बघा आणि स्वतःच्या हातानं लिहा.