शनिवारवाड्यातले रातकिडे

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर ‘ऐतिहासिक गुन्हेकथांचे श्राव्य रूप’ असा भारदस्त विषय छापला असला, तरी माझे म्हणणे साधे आहे. जुना, खराखुरा गुन्हा ऐकण्यात आनंद आहे आणि तो चोरून घेण्याचे कारण नाही. मात्र तो पुरता मिळावा असे वाटत असेल, तर सांगणाऱ्याने आपला गोंगाट आवरून साक्षीदारांना बोलू दिले पाहिजे. आपल्यापैकी बरेचजण कानांत बोंडे घालून भाजी निवडतानासुद्धा खुनांच्या कथा ऐकत असतात, याची मला कल्पना आहे. हात वर करण्याची गरज नाही. शिवाय ही खोड मोबाइलने लावलेली नाही. अज्ञानदासाच्या पोवाड्यातला अफझलखान महाराष्ट्राने आधी ऐकला, वाचला तो कितीतरी नंतर.

आता माझे गाऱ्हाणे. नारायणराव पेशव्यांच्या खुनावरच्या ज्या श्राव्यकथा मी ऐकल्या, त्यांतल्या बहुतेकींची सुरुवात रातकिड्यांनी होते. मग घुबड येते, मग दिंडी दरवाजा करकरतो आणि मग निवेदक घसा खाली उतरवून सांगतो की ती एक काळरात्र होती. श्रोतेहो, ३० ऑगस्ट १७७३ रोजी झालेला हा खून भर दुपारचा आहे. वाड्यात रात्री किंकाळी ऐकू येते ही आख्यायिका पुढे इतकी पसरली, की भुताच्या सोयीसाठी खुनाचीच वेळ बदलली गेली. घुबडाबद्दल माझे वैयक्तिक वैर नाही. पण त्या दुपारी खरोखर जे आवाज झाले असतील, ते या घुबडापायी आपल्याला ऐकायलाच मिळत नाहीत.

ते आवाज कोणते, याचा जरा विचार करा. भाद्रपदाचे दिवस, वाड्यात गणेशोत्सव चालू. गारद्यांनी आत शिरताना जो गलका केला, तो थकलेल्या पगाराचा होता, त्यामुळे ज्याने तो प्रथम ऐकला असेल त्याला वाटले असेल की आज पुन्हा तीच कटकट. (आपल्या सभागृहात निवृत्त सरकारी नोकर बरेच दिसतात; थकबाकीचा सूर कसा लागतो हे त्यांना मी सांगायला नको.) काहीतरी शिजते आहे याची कुणकुण सकाळीच लागली होती, हरिपंत फडक्यांना बंदोबस्ताची सूचनाही झाली होती, आणि हरिपंत जेवायला गेले होते. कोणत्याही संगीताशिवाय हे एक वाक्य नीट उच्चारले, तरी अंगावर काटा येतो. अठरा वर्षांचा पेशवा धावत जाऊन चुलत्याला मिठी मारतो. चापाजी टिळेकर हा सेवक त्याच्यावर पालथा पडून आपल्या अंगावर वार घेतो आणि तोही मरतो. त्या अर्ध्या-पाऊण तासात पेशव्यांसह अकरा माणसे आणि एक गाय मारली गेली. मृतांत दोन दासी होत्या. श्राव्यकथेत ‘काका, मला वाचवा’ ही हाक प्रतिध्वनी लावून चार-चार वेळा घुमवतात, पण त्या दासींच्या वाट्याला उसासाही येत नाही.

‘ध’चा ‘मा’ करण्याची गोष्ट तर अजबच आहे. तिला समकालीन कागदाचा आधार नाही, पण ती आहे कागदावरच्या खाडाखोडीची. म्हणजे डोळ्यांनी पाहण्याचा पुरावा आपण अडीचशे वर्षे कानांनीच स्वीकारत आलो आहोत. याउलट रामशास्त्री प्रभुण्यांनी खरोखर केलेली चौकशी कितीतरी दिवस चालली, तिच्यात पन्नासच्या आसपास माणसे दोषी आढळली आणि तिचा माग थेट राघोबादादांपर्यंत गेला. मराठी श्रोत्याला तपासाची एवढी उत्तम कथा दुसरी मिळणार नाही. तरीही तिची बोळवण देहान्त प्रायश्चित्ताच्या एका संवादावर आणि ढगांच्या गडगडाटावर होते.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे; तेव्हा ज्यासाठी आपण मला बोलावले, ते आता भरभर सांगतो.

जुन्या खटल्याचा कागद हा मुळात बोललेला शब्द असतो. साक्षीदार बोलतो, कारकून लिहून घेतो. चांगली श्राव्यकथा त्या लिखिताला पुन्हा आवाज देते. १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांचा मोटार अडवून खून झाला आणि त्यांच्यासोबतच्या, इंदूरच्या होळकर दरबारातून निघून आलेल्या मुमताज बेगमच्या चेहऱ्यावर वार झाले. गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी योगायोगाने तिथे पोहोचले आणि त्यांतल्या लेफ्टनंट सीगर्ट यांनी गोल्फच्या काठीनेच हल्लेखोरांशी झुंज दिली. खटला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रम्प आणि ज्युरी यांच्यासमोर चालला, एका आरोपीच्या बाजूने महंमद अली जिना उभे राहिले, आणि प्रकरणाची झळ इंदूरपर्यंत पोहोचून १९२६मध्ये तिथले महाराज तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. ही कथा ऐकवायची तर मुमताजची साक्ष, अधिकाऱ्यांची साक्ष आणि उलटतपासणी एकामागून एक ठेवावी, आणि कोण खरे बोलतो हे श्रोत्याला ठरवू द्यावे. ज्युरी तेच करत असे: बसून ऐकत असे.

मात्र कानाला भुलवणे सोपे असते, हेही नोंदवले पाहिजे. १९५९च्या नानावटी प्रकरणात, म्हणजे पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याच्या खटल्यात, ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले, न्यायाधीशांनी तो कौल न मानता खटला उच्च न्यायालयाकडे पाठवला आणि तिथे आरोपीला जन्मठेप झाली. म्हणून निवेदकाचा आवाज फार गोड लागू लागला, की मी ध्वनिफीत थांबवतो आणि आतापर्यंत ऐकलेल्यातले साक्षीदाराचे किती व निवेदकाचे किती, हे मनाशी वेगळे करून पाहतो. नानावटी प्रकरणातील वृत्तपत्रांच्या भूमिकेबद्दल बोलायचे राहिले. ते प्रश्नोत्तरांत कोणीतरी विचारावे, अशी विनंती.