दशांश, वचन आणि मंडळीचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना लागला की ठाणे आणि नवी मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये रविवारच्या भक्तीला निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. कुणी नगरला, कुणी जालन्याला, कुणी कोल्हापूरकडे गावी गेलेले असते. त्या महिन्यात दानाची पिशवी हलकी होते. परंतु पाळकांचा, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचा, पगार, विजेचे बिल, आणि ज्या मंडळीला स्वतःची इमारत नाही तिच्या बाबतीत हॉलचे भाडे, यांपैकी काहीही मे महिन्यात कमी होत नाही. नाताळच्या आठवड्यात मात्र हीच पिशवी भरून वाहते. मंडळीला किती द्यावे, या प्रश्नावर आपण पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलो आहोत. किती नियमाने द्यावे आणि ते आधी सांगून, म्हणजे रकमेचे वचन देऊन, द्यावे का, यावर मात्र फारच कमी बोललो आहोत. आज त्या दुसऱ्या प्रश्नाकडे मी आपले लक्ष वेधणार आहे.

आधी दशांशाविषयी. बायबलमधील उत्पत्तीच्या १४व्या अध्यायात अब्रामाने मलकीसदेक या याजक-राजाला सर्व लुटीचा दहावा भाग दिला, तेव्हा मोशेचे नियमशास्त्र अस्तित्वात नव्हते. पुढे नियमशास्त्रात जो दशांश ठरला तो शेतीच्या उत्पन्नाचा आणि जनावरांचा होता: धान्य, द्राक्षारस, तेल, आणि काठीखालून जाणारे दर दहावे जनावर. ज्यांना वतनात जमीन मिळाली नव्हती त्या लेवीयांचा, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या वंशाचा, निर्वाह त्यावर चाले, आणि लेवीयांनाही मिळालेल्या दशांशाचा दशांश काढून द्यावा लागे. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १४व्या अध्यायातली तरतूद तर अनेकांच्या लक्षातही नसते. दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच साठवायचा आणि लेवीय, परदेशी, अनाथ व विधवा यांनी तो पोटभर खायचा, असे तेथे सांगितले आहे. ज्या उपदेशात मलाखीचा तिसरा अध्याय वाचून ‘तुम्ही देवाला लुटता’ एवढेच ऐकवले जाते आणि विधवा व अनाथांच्या या वाट्याचा उल्लेखही होत नाही, तो उपदेश मला अर्धवट वाटतो.

नव्या करारात आकडा सैल होतो, पण जबाबदारी सैल होत नाही. पुदिना, शेप आणि जिरे यांचा दशांश मोजून देणाऱ्या परूश्यांना प्रभू येशूने न्याय, दया आणि विश्वास या गोष्टी सोडून दिल्याबद्दल दोष दिला. त्याच वाक्यात, ते दशांश द्यायला हवेतच, असेही म्हटले. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी, आपापल्या मिळकतीप्रमाणे, काही बाजूला काढून ठेवण्यास लिहिले, म्हणजे तो आल्यावर ऐनवेळी वर्गणी गोळा करावी लागू नये. पुढच्या पत्रात, प्रत्येकाने आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, कुरकुरत किंवा भाग पडते म्हणून देऊ नये, असे त्याने सांगितले. या दोन्ही सूचना मिळूनच मासिक वचनाची, म्हणजे दरमहा किती देणार ते कार्डावर लिहून देण्याची, आपल्याकडे सगळे ज्याला प्लेज कार्ड म्हणतात त्याची, पूर्ण कल्पना तयार होते, असे माझे मत आहे: घरी ठरवायचे, उत्पन्नाच्या मानाने ठरवायचे, आणि ठरवले ते वेळेवर द्यायचे.

आपल्याकडे चर्चला देणे हे सर्वस्वी स्वेच्छेवर उभे आहे, ही गोष्ट आपण गृहीत धरतो. पण सगळीकडे तसे नाही. जर्मनीत नोंदणीकृत ख्रिस्ती सभासदाच्या आयकरावर ८ किंवा ९ टक्के चर्चकर सरकार वसूल करते आणि चर्चच्या हवाली करते. इंग्लंडमध्ये १८३६च्या कायद्याने धान्यरूपी दशांशाचे रोख आकारणीत रूपांतर होईपर्यंत शेतकऱ्याच्या खळ्यावरून दहावी पेंढी उचलली जात असे. भारतीय संविधानाच्या २७व्या अनुच्छेदानुसार कोणत्याही विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कुणालाही कर देण्याची सक्ती करता येत नाही. ठाण्यालाही राजाश्रयाचा अनुभव आहे. पोर्तुगीज काळात येथील देवळांना, म्हणजे चर्चना, राजसत्तेचा आधार होता. १७३७मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतल्यावर तो आधार गेला, आणि तरीही तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चची परंपरा आजवर चालू आहे. राजा गेल्यावर देऊळ सांभाळले ते गावठाणातल्या माणसांनी.

कॅथॉलिक बांधवांकडे दहा टक्क्यांचा सक्तीचा नियम नाही. १९८३च्या कॅनन लॉ या कॅथॉलिक चर्चच्या कायदेसंहितेतील २२२वे कलम चर्चच्या गरजांसाठी साहाय्य करणे हे प्रत्येक विश्वासणाऱ्याचे कर्तव्य मानते. किती, ते त्याच्यावर सोडते. १९७०मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्यांत वर्गणी, रविवारचे अर्पण, उपकारस्तुतीचे दान आणि हंगामाचा सण असे अनेक झरे मिळून खर्च भागतो. पेंटेकॉस्टल मंडळ्यांत मात्र पूर्ण दशांशाचा आग्रह अधिक असतो.

आता थोडे गणित करू. समजा, ऐरोली किंवा कळव्यातल्या एखाद्या मंडळीत ८० कुटुंबे आहेत आणि सगळा मिळून मासिक खर्च १,२०,००० रुपये आहे. म्हणजे सरासरीने एका कुटुंबावर १,५०० रुपये येतात. घरी हाती येणारा पगार ४०,००० धरला तर त्याचा दशांश ४,००० होतो. याचा अर्थ असा की, ८० पैकी निम्म्या घरांनी जरी दशांश दिला तरी मंडळी चालून वर गरजूंच्या औषधपाण्याला आणि मुलांच्या फीला ४०,००० रुपये उरतात. प्रत्यक्षात असे होत नाही, कारण जो देतो तो डिसेंबरात एकदम देतो, आणि जो देत नाही त्याच्याबद्दल कुणालाच काही ठाऊक नसते. खजिनदाराला जून महिन्यात जी अडचण येते ती पैसा कमी असल्याची तितकी नसते, जितकी पुढच्या महिन्यात काय येईल हे न कळण्याची असते. ६० कुटुंबांनी १,५०० रुपयांचे वचन दिले आणि पाळले, तर कुणीतरी एकदा दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षा मंडळीच्या व्यवहाराला त्याचा उपयोग जास्त होतो. मोठ्या देणगीवर पंखे आणि खुर्च्या येतात, नावाची पाटीही लागते. वचनाच्या पैशावर पाळकांचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो, त्याची पाटी लागत नाही.

पूर्ण पगारावर दशांश काढायचा की कापून हाती आलेल्या रकमेवर, हा प्रश्न घोडबंदर रोडच्या फ्लॅटचे हप्ते भरणारी तरुण जोडपी हमखास विचारतात. शास्त्रात पगारपत्रक नाही, त्यामुळे याचे ठाम उत्तर कुणी देऊ नये. हाती येईल त्यावरून आरंभ करावा आणि हप्ता संपला की वाढवावे, असे मी त्यांना सांगतो. ज्यांचा रोजगार रोजचा आहे, म्हणजे रिक्षा चालवणारे, पोळीभाजीचे डबे करणाऱ्या बहिणी, त्यांनी महिन्याचा आकडा लिहिण्याऐवजी आठवड्याचा लिहावा. तो त्यांना पेलतो. आईवडिलांच्या दवाखान्याचे पैसे थांबवून मात्र कुणीही मंडळीला देऊ नये. मार्कच्या शुभवर्तमानाच्या ७व्या अध्यायात, जे आईबापांना द्यायचे ते देवाला अर्पण केले असे सांगून हात झटकणाऱ्यांना प्रभूने फार कडक शब्द वापरले आहेत, आणि ते शब्द आमच्या खजिनदारांनीही ऐकले पाहिजेत.

देणाऱ्याकडून वचन घ्यायचे असेल, तर मंडळीनेही काही पाळावे लागते. रविवारची भक्ती संपल्यावर वेदीमागच्या खोलीत पिशवी टेबलावर रिकामी करतात, तेव्हा त्यातून चौघडी केलेल्या दहाच्या नोटा, चिल्लर, क्रमांक लिहिलेले पांढरे लिफाफे आणि एखादा घामाने ओला झालेला शंभराचा कागद बाहेर येतो. त्या वेळी टेबलाशी किमान दोघे हवेत, आणि ते दोघे एका घरातले नसावेत. लिफाफ्यावरचा आकडा आणि आतली रक्कम जुळवून, नोटा, नाणी आणि लिफाफे यांची वेगवेगळी बेरीज कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात, आणि सोमवारी ती रक्कम जशीच्या तशी बँकेत जावी. मधल्या मध्ये तिच्यातून फुलांचे किंवा चहाचे पैसे वळते करू नयेत. क्यूआर कोड लावलाच तर तो ट्रस्टच्या खात्याचा असावा. पाळकांच्या किंवा सचिवांच्या खासगी मोबाइल क्रमांकावर पैसे घेणे, हेतू कितीही स्वच्छ असला तरी, बंद करायला हवे. पौलानेसुद्धा मदतीची रक्कम यरुशलेमेला एकट्याने नेली नाही, सोबत मंडळ्यांनी नेमलेली माणसे घेतली.

कायद्याची बाजूही समजून घ्या. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०, याखाली नोंदलेल्या ट्रस्टने हिशेब ठेवणे आणि ते तपासून घेणे बंधनकारक आहे, आणि धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय जमीन वा इमारत विकता येत नाही. कॅथॉलिक धर्मग्रामातही (पॅरिशमध्येही) कॅनन लॉच्या ५३७व्या कलमाप्रमाणे अर्थसमिती असणे आवश्यक असते. देणगीवरची आयकर सवलत, जिला सगळे ८०जी म्हणतात, मिळेल या समजुतीने काही जण चर्चला देतात. परंतु विशिष्ट धर्मसमाजासाठी असलेल्या ट्रस्टला दिलेल्या अर्पणावर सहसा ती मिळत नाही. धर्मादाय काम करणारी पात्र संस्था वेगळी असेल तर तिच्या पावतीवर मिळते, तीही जुन्या करप्रणालीत, आणि २,००० रुपयांवरील रोख देणगी त्यात धरली जात नाही. आखातात नोकरी करणारा आपला भाचा भारतीय नागरिक असेल आणि त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवले, तर ते परकीय योगदान ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मावशीचे पैसे मात्र ठरतात, आणि ते स्वीकारण्यासाठी एफसीआरए या परकीय योगदानाच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. कॅनडातल्या नातेवाइकाला खाते क्रमांक कळवण्याआधी हे विचारून घ्यावे.

शेवटी प्लेज कार्डाविषयी दोन व्यावहारिक गोष्टी. ते घरी, पतिपत्नींनी मिळून, शक्य तर मोठ्या मुलांना बसवून भरावे आणि पाकिटात घालून द्यावे. मंडळीसमोर नावे आणि रकमा वाचण्याची जी पद्धत काही ठिकाणी आहे, ती थांबवावी. तीत शुभवर्तमानातल्या, दोन टोल्या म्हणजे अगदी लहान नाणी टाकणाऱ्या, विधवेला बसायला जागा राहत नाही. आणि नोकरी गेली, आजारपण आले, तर पाळकांना किंवा खजिनदाराला सरळ सांगून आकडा बदलून घ्यावा. ते कर्ज नव्हे. त्याची वसुली नसते, त्यावर व्याज नसते, आणि आकडा कमी केल्याबद्दल कुणाचाही प्रभुभोजनाचा हक्क जात नाही. वार्षिक सभेत वर्षाचे तपासलेले हिशेब वाचले जातील तेव्हा मात्र ज्यांनी वचन दिले त्यांनी आवर्जून हजर राहावे, आणि काही समजले नाही तर उठून विचारावे. नमस्कार.