दोन पुड्या

रात्रीचे अडीच. बाळाची ही सातवी शी, नुसतं पाणी. टेबलावर दवाखान्यातून आणलेल्या दोन पुड्या आहेत, दिसायला जवळजवळ सारख्याच. एकीत मीठ आणि साखर. दुसरीत जिवंत जंतू.

या जिवंत जंतूंना प्रोबायोटिक म्हणतात. त्यांच्याकडून आशा ठेवण्याला जुना आधार आहे. १९२०च्या दशकात इंडोचायनात कॉलऱ्याची साथ होती. काही लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पीत होते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी बुलार यांनी पाहिलं. त्या फळांवरून त्यांनी एक यीस्ट वेगळं काढलं. ते आजही जुलाबावर दिलं जातं. पुढे माणसाच्याच आतड्यातून लॅक्टोबॅसिलस या जिवाणूचा एक वाण मिळाला. गोरबाख आणि गोल्डिन या संशोधकांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘जीजी’ म्हणतात.

हे जंतू आतड्यात जागा अडवतील, रोगजंतूंना टिकू देणार नाहीत, अशी कल्पना. पटण्याजोगी आहे. पण इथे एक मोठी अडचण आहे. बाळांच्या जुलाबाचं एक नेहमीचं कारण म्हणजे रोटाव्हायरस. तो आतड्याच्या अस्तरातल्या पेशी खरवडून टाकतो, आणि काही दिवसांत तिथे नव्या पेशी येतात. म्हणजे बहुतेक बाळांचे जुलाब आपोआपच थांबतात. तोपर्यंत जे दिलं असेल, त्याला श्रेय मिळतं.

म्हणून तुलना करावी लागते. २०१०मध्ये ६३ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा प्रोबायोटिकनं जुलाब साधारण एक दिवस आधी थांबतात असं दिसलं. मूल आजारी असलेल्या घरात एक दिवस ही फार मोठी गोष्ट असते.

मग २०१८ साल आलं. अमेरिकेत ९७१ लहान मुलांवर चाचणी झाली. निम्म्यांना जीजी वाण, निम्म्यांना तशीच दिसणारी पण जंतू नसलेली पुडी. कुणाला काय मिळालं, हे पालकांना माहीत नव्हतं आणि डॉक्टरांनाही नाही. जुलाब किती तास टिकले? एका गटात सुमारे ५०, दुसऱ्यात ५१. कॅनडात दुसऱ्या वाणांवर ८८६ मुलांची चाचणी झाली, तिथेही फायदा दिसला नाही.

हे आकडे वाचून हळहळ वाटते. तरी ते लपवून चालणार नाही. २०२०मध्ये अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं तिथल्या मुलांना अशा जुलाबात प्रोबायोटिक देऊ नये असं सुचवलं. युरोपातले बालरोगतज्ज्ञ काही ठरावीक वाण देता येतील म्हणतात, पण तेही फार ठामपणे नाही. प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्या किंवा मोठ्या शिरेत नळी घातलेल्या मुलांना हेच जंतू रक्तात शिरून अपाय करू शकतात. त्यांना ही पुडी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको.

आता पहिली पुडी.

साखर आणि मीठ आतड्याच्या भिंतीतून जोडीनं आत जातात, आणि त्यांच्यामागून पाणी. जुलाबातही हे दार उघडं असतं. १९७१मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना सलाईन संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पाजायला दिलं. ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आलं.

पुडीवर लिहिलं असेल तेवढंच स्वच्छ पाणी घ्या. कमी पाण्यात मीठ जास्त होतं, ते घातक. चमच्याचमच्यानं पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, अजून सावकाश. अंगावरचं दूध सुरूच ठेवा. सोबत डॉक्टरांनी सांगितलेलं झिंक १० ते १४ दिवस द्या. जुलाब थांबले तरी मधेच सोडू नका.

शीमध्ये रक्त, खोल गेलेले डोळे, बंद झालेली लघवी, पाणीही न पिणारं मलूल बाळ: यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा.

पहाटेचे साडेपाच. भांड्यातलं पाणी तळाला गेलंय. आई लंगोट चाचपते. ओला आहे, आणि या वेळी लघवीनं.